वसंत किती स्क्वेअर फुटांचा?

"तुमच्या मुंबईकडे वसंत नसतोच मुळी," असं आमच्या पुण्याच्या वन्सं दरवर्षी न चुकता म्हणतात. त्यांच्या मते आपल्याकडे तीनच ऋतू. उन्हाळा, जास्त उन्हाळा आणि पावसाळा! घाम पुसत पुसत आपणही हसून मान डोलावतो. पण मंडळी, मला हे मुळीच मान्य नाही. गेली त्रेचाळीस वर्षं मी डोंबिवलीत राहते आहे, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ठाण्याच्या एका मराठी शाळेत शिकवायला लोकलने जात होते, आणि या सगळ्या वर्षांत एकही वसंत चुकलेला नाही. तो येतो. फक्त सिनेमात येतो तसा वाजतगाजत येत नाही, एवढंच.

आपल्याकडच्या वसंताची सुरुवातच मुळी कचऱ्याने होते! होळीच्या आगेमागे पिंपळ पानं टाकायला लागतो. सकाळी झाडलेलं अंगण दुपारपर्यंत पुन्हा भरतं, आणि झाडूवाली कुरकुर करते. मग एक दिवस त्याच पिंपळावर तांबूस, तकतकीत, उन्हात आरपार दिसणारी पालवी येते. रस्त्याकडेचे करंज पोपटी होतात. कडुनिंबाला बारीक पांढरी फुलं येतात आणि संध्याकाळी गल्लीतून जाताना एक गोडसर वास येतो, जो कुठून येतो हे निम्म्या लोकांना ठाऊकच नसतं. चैत्र सरताना बहावा पिवळे घोस सोडतो. आपल्या राज्याचं फूल म्हणून मान मिळालेलं ताम्हण जांभळं होतं. आणि वैशाखात गुलमोहर. तो तिकडच्या मादागास्करचा, पण आता इतका आपला झालाय की त्याच्याशिवाय शाळेची मे महिन्याची सुट्टी डोळ्यांपुढे येत नाही.

आणि कोकीळ! मुलांना मी वर्गात नेहमी सांगायचे, "कोकिळा गाते" असं लिहू नका. गातो तो काळा कुळकुळीत नर. मादी ठिपक्यांची, आणि ती गाण्याच्या नव्हे तर कावळ्याच्या घरट्यात अंडं कसं घालावं याच्या विवंचनेत असते. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. एकेका मराठी महिन्याचा हात धरून ते पुस्तक वर्षभर चालतं. ते शिकवताना मी मुलांना एक गृहपाठ द्यायचे. आपल्या घरापासून शाळेपर्यंत जी झाडं लागतात त्यांची यादी करा आणि आज त्यांचं काय चाललंय ते एका ओळीत लिहा. डोंबिवली-ठाण्याच्या मुलांच्या वहीत पंधरा-वीस झाडं सहज यायची. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

वसंताची दुसरी खूण अर्थातच जिभेवर. पाडव्याला सकाळी कडुनिंबाचा कोवळा पाला किंवा फुलं, गूळ, ओवा, हिंग, भिजवलेली डाळ वाटून केलेली गोळी. नातवंडं तोंड वाकडं करतात, पण खातात. मग चैत्रगौर बसते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर ती माहेरपणाला आलेली असते आणि या महिन्यात घरोघरी हळदीकुंकू होतं. त्यात आंबेडाळ आणि पन्हं नसेल तर ते हळदीकुंकू नव्हेच. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, भरडच वाटायची, पीठ होता कामा नये. किसलेली कैरी, हिरवी मिरची, मीठ, किंचित साखर, ओलं खोबरं, आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी, तीत दोन सुक्या मिरच्या. पन्ह्याला कैरी उकडायची की कच्चीच किसायची यावर आमच्या घरात माहेर विरुद्ध सासर असा जुना वाद आहे. मी उकडणाऱ्यांतली! गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ, घातलंच तर केशर. त्या बाटलीतल्या हिरव्या रंगाच्या पन्ह्याबद्दल मी काही बोलणार नाही.

स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसायला लागल्या, की समजायचं वैशाख आला. ठाण्यात येऊरकडून, कल्याण-डोंबिवलीत मुरबाड-शहापूरकडून हा रानमेवा येतो. करवंदं, जांभळं, रांजणं, जाम. ऑफिसातून दमून येणारी माणसंसुद्धा दोन मिनिटं थांबतात, "कोंबडा की कोंबडी" बघत एक करवंद फोडतात आणि क्षणभर शाळकरी होतात.

आता हिंडण्या-फिरण्याचं. डोंबिवलीकरांसाठी वसंतातला सगळ्यात मोठा दिवस म्हणजे पाडव्याची स्वागतयात्रा. १९९९ साली इथल्या गणेश मंदिर संस्थानाने ती सुरू केली आणि पुढे ठाणे, कल्याण, गिरगाव करत महाराष्ट्रभर ती पसरली. आपल्या गावात सुरू झालेली गोष्ट सगळीकडे होते याचं आम्हाला कोण अप्रूप! भल्या पहाटे उठून नऊवारी नेसायची, नथ शोधायची (ती कधीही जागेवर नसते), आणि फडके रोडवर लेझीम, ढोल, चित्ररथ बघत उभं राहायचं. ठाण्याची यात्रा कौपीनेश्वराच्या देवळापाशी, मासुंद्याच्या काठी, आणखी खुलते. तळ्याच्या पाण्यावरून येणारा वारा असतो ना!

याशिवाय मार्चमध्ये एकदा तरी येऊरला जायचा आमचा नेम आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा पदर. पळस पेटलेला असतो, काटेसावरीची जाड लाल फुलं खाली पडलेली असतात, आणि कुसुंबाची नवी पालवी इतकी लाल की लांबून फुलंच वाटावीत. कल्याणला गेलो तर काळा तलाव नाहीतर दुर्गाडी. आणि आमच्या ह्यांना (रेल्वेत नव्हते, बँकेत होते, तरीही!) दर १६ एप्रिलला ठाणे स्टेशनवर जाऊन यावंसं वाटतं. १८५३ साली त्याच दिवशी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली. पुढच्या वर्षी १ मे रोजी रूळ कल्याणपर्यंत पोचले. म्हणजे आपल्या या सगळ्या शहरांचा जन्मच मुळी चैत्र-वैशाखातला, असं ते सांगतात, आणि मी दरवर्षी ते नव्याने ऐकल्यासारखं करते.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येते, कारण आज हे सगळं लिहायला बसले ती निव्वळ हौस म्हणून नाही.

वसंत येतो हे खरं. पण तो शहरात उतरतो कुठे? येऊर ठीक आहे, पण तिथे वर्षातून एकदा जाणं होतं. मासुंद्याला महिन्यातून एकदा. रोजचा वसंत कुठे भेटतो? माझं उत्तर असं, की तो भेटतो इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधल्या जागेत. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत सत्तर-ऐंशीच्या दशकांत ज्या तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांच्या चहूबाजूंनी थोडी थोडी मोकळी माती राहिली होती. कोणी मुद्दाम बाग केली नाही. कोणी आंबा खाऊन कोय भिरकावली. कोणी पाडव्याची कडुनिंबाची डहाळी टाकली, कुठे कावळ्याने निंबोळी टाकली. कोणी कोकणातून नारळ आणून लावला, कोणी पूजेला हवी म्हणून तगर आणि प्राजक्त. बाई, आपल्या शहरांतलं अर्धं अधिक झाडोरं असं फुकटात, न ठरवता, लोकांच्या निष्काळजीपणातून उभं राहिलेलं आहे! माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीतली ती पंधरा-वीस झाडं बहुतेक अशाच कंपाउंडांतली होती. डोंबिवलीत रामनगर, टिळकनगर, ठाण्यात नौपाडा, कल्याणात पारनाक्याच्या बाजूचे जुने वाडे. एकेका गल्लीचा स्वतःचा असा एक वास होता.

आणि आता या सगळ्या इमारती एकाच वेळी म्हाताऱ्या झाल्या आहेत. आमच्यासारख्याच.

आमची सोसायटी १९८१ सालची. चोवीस बिऱ्हाडं, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. पुनर्विकासाची बोलणी गेली दोन वर्षं चालू आहेत आणि आता ती निर्णयापर्यंत आली आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगते, मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही. तिसऱ्या मजल्यावर दिवसातून दोनदा चढणाऱ्या माझ्या गुडघ्यांना विचारा! पावसाळ्यात छताखाली पातेली ठेवायला लागतात, गच्चीच्या सळया उघड्या पडल्या आहेत. जुनं ते सोनं म्हणत पडक्या घरात राहण्याइतकी मी भाबडी नाही. ज्यांना पंचविशीत घर घेताना लिफ्ट परवडली नाही, त्यांना सत्तरीत ती मिळावी यात वाईट काय आहे?

माझी तक्रार वेगळी आहे. या दोन वर्षांत नऊ-दहा बैठका झाल्या. प्रत्येक बैठकीत एक मोठा तक्ता असतो. कार्पेट एरिया किती वाढणार, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग किती, लिफ्ट किती, किचनमध्ये ओट्याला कोणता दगड. टाइल्सच्या रंगावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. पण आमच्या मागच्या अंगाला, विहिरीजवळ, रायवळ आंब्याचं एक झाड आहे, बाजूला दोन कडुनिंब आहेत आणि फाटकापाशी एक बहावा. या चार झाडांसाठी त्या तक्त्यात एकही रकाना नाही. ती असतील की जातील हे कोणी विचारलं नाही, आणि विकासकाने आपणहून सांगितलं नाही. "गार्डन आहे ना, ग्रीन पोडियम," एवढंच उत्तर.

तर या ग्रीन पोडियमबद्दल दोन शब्द. नव्या आराखड्यात तळघरासकट पार्किंगचे मजले असतात आणि ते बहुतेक वेळा प्लॉटच्या कडेपर्यंत जातात. म्हणजे आज जिथे माती आहे तिथे खाली खणून काँक्रीट होतं. त्या काँक्रीटच्या छतावर जलरोधक थर, त्यावर दोन-तीन फूट माती, आणि त्यात हिरवळ, शोभेचे ताड, कुंड्या. चित्रात छान दिसतं. पण दोन-तीन फुटांच्या मातीत आंबा उभा राहत नाही, कडुनिंब राहत नाही. मोठ्या झाडाच्या मुळांना खाली आणि बाजूला पसरायला जमीन लागते, आणि पावसाचं पाणी तिच्यात मुरायला लागतं. पोडियमवर पडलेलं पाणी पन्हाळीतून गटारात जातं. म्हणजे एकदा पोडियम झाला की त्या जागेवर पुढची पन्नास वर्षं मोठं झाड उगवायची शक्यताच संपते. आज एक झाड तोडलं तर उद्या दुसरं लावता येतं. माती गेली तर ते "उद्या"च जातं. म्हणून मी म्हणते, बिल्डरकडे "बाग" मागू नका. माती मागा!

कोणी म्हणेल, कायदा आहे की. आहे, आणि चांगला आहे. महाराष्ट्राच्या नागरी भागातल्या झाडांचं जतन करण्याचा कायदा १९७५ सालचा आहे. खाजगी आवारातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, तोडण्याआधी झाडावर नोटीस लावायची असते, लोकांना हरकत घेता येते. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणायचं ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची अट आली. पण यात एक गोम आहे. ती नवी झाडं लागतात कुठे? जिथे जागा असेल तिथे. आमच्या गल्लीतली सावली गेली आणि कुठेतरी शहराच्या टोकाला चाळीस रोपं लागली, तर हिशेब जुळला असेल, पण आमच्या गल्लीत भर दुपारी हातगाडी घेऊन उभा राहणारा भाजीवाला त्या टोकाला जाऊन उभा राहणार आहे का?

सावलीचाही हिशेब करता येतो बरं का. आमच्या ह्यांनी (बँकेतले ना!) परवा पावलांनी मोजून आंब्याचा विस्तार काढला. या कडेपासून त्या कडेपर्यंत साधारण चाळीस फूट. वीस गुणिले वीस गुणिले ३.१४ म्हणजे साडेबाराशे स्क्वेअर फूट. आमच्या प्रत्येक बिऱ्हाडाला जो जास्तीचा एरिया मिळणार म्हणून सगळे आनंदात आहेत, त्याच्या कितीतरी पट! आणि ही सावली फक्त सभासदांची नाही. अर्धी भिंतीपलीकडे गल्लीत पडते. तिथे रिक्षा उभ्या असतात, इस्त्रीवाला बसतो, शाळा सुटल्यावर मुलं बसची वाट बघतात. एका आंब्याने चोवीस बिऱ्हाडांना आणि अख्ख्या गल्लीला चाळीस वर्षं साडेबाराशे फूट जागा बिनभाड्याने दिली, आणि तक्त्यात त्याचा रकाना नाही!

"टॉवरचीही सावली पडतेच की," असं एका तरुण सभासदाने मला ऐकवलं. पडते, सकाळ-संध्याकाळ. पण मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दिवशी बाराच्या सुमारास वीस मजल्यांच्या टॉवरची सावली त्याच्या पायाशीच गोळा होते, कोणाच्या उपयोगाची नाही. झाडाची सावली मात्र बरोबर त्याच्या खाली असते, जिथे माणूस उभा राहू शकतो. ज्या दिवसांत सावली सगळ्यात जास्त हवी, त्या दिवसांत ती देतं ते झाडच.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हा निबंध एकांगी होईल. झाडांबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. पानगळीने पन्हाळी तुंबतात. कडुनिंबाच्या मुळांनी आमची मागची भिंत एके ठिकाणी उचलली आहे. पावसाळ्यात फांदी पडेल ही भीती असतेच, आणि आपल्या शहरांत झाडं पडून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कावळे चैत्रात घरटं करतात आणि जाणाऱ्याच्या टाळक्यात चोच मारतात. आणि सगळ्यात खरी अडचण म्हणजे ज्या तरुण जोडप्यांनी वीस वर्षांचं कर्ज काढून आमच्याकडे जुना फ्लॅट घेतलाय, त्यांना एकेका फुटाची किंमत माहीत आहे. एक आंबा वाचवायचा तर तीन-चार गाड्यांची जागा जाईल, असं त्यांचं गणित. त्यांना मी स्वार्थी म्हणणार नाही. हप्ता ते भरतात, मी नाही.

पण त्यांनाच मला एक विचारायचं आहे. २०२० साल आठवतंय? २५ मार्चला पाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. स्वागतयात्रा नाही, फडके रोड ओस, लोकल बंद. त्या वर्षीचा आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा वसंत आपण कुठे पाहिला? मागच्या गॅलरीतून. तुमचीच मुलं गॅलरीच्या गजांना धरून कोकीळ शोधायची. आंब्याच्या कैऱ्या मोजायची. तेव्हा बाजार बंद होता म्हणून सगळ्या बिऱ्हाडांनी त्याच झाडाच्या कैऱ्यांचं लोणचं घातलं होतं आणि दोरीला पिशवी बांधून एकमेकांना वाट्या पोचवल्या होत्या. त्या दिवसांत कोणाला पार्किंग आठवलं नव्हतं.

आणखी एक. या निमित्ताने मी घरातले जुने फोटो काढून बसले. कृष्णधवल, मग रंगीत, मग फोनमधले. थोरल्याचं बारसं, धाकटीची पहिली सायकल, सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन, पाडव्याला यात्रेला निघायच्या आधी नऊवारीतल्या आम्ही आठ जणी. एक मजेची गोष्ट लक्षात आली. त्या झाडाचा असा एकही फोटो कोणी काढलेला नाही. पण प्रत्येक फोटोत ते मागे आहे! कुठे नुसती फांदी, कुठे बुंध्याला टेकलेला हात, कुठे चेहऱ्यावर पडलेले उन्हाचे कवडसे. हल्ली समारंभात प्लास्टिकच्या पानाफुलांची एक भिंत भाड्याने आणतात आणि तिच्यापुढे उभं राहून सेल्फी काढतात. आपल्याला फोटोत मागे हिरवं हवं असतं, हे तर नक्की. मग जे फुकटात चाळीस वर्षं मागे उभं आहे ते पाडून, भाड्याचं का आणायचं?

म्हणून मला असं वाटतं, की पुनर्विकास करणाऱ्या प्रत्येक सोसायटीने चार साध्या गोष्टी कराव्यात. यात कोणाचं घर लहान होणार नाही.

पहिली, निविदा काढायच्या आधी आवारातल्या प्रत्येक झाडाची नोंद करायची. जात, अंदाजे वय, बुंध्याचा घेर, जागा, आणि फोटो. शासनाने सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखाली पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली आहे, आधी २००९ साली, मग सुधारून २०१९ साली. त्यात सभेचं व्हिडिओ चित्रण करायला सांगितलं आहे. आम्ही भांडतानाचं चित्रण होतं, तर झाडांचे चार फोटो काढायला काय हरकत आहे?

दुसरी, जी झाडं प्लॉटच्या कडेला आहेत ती ठेवूनच आराखडा मागायचा. सगळी वाचणार नाहीत, हे मलाही कळतं. आमचा बहावा बहुधा जाईल, कारण तो नेमका फाटकात आहे. पण आंबा आणि कडुनिंब मागच्या कोपऱ्यात आहेत. आर्किटेक्टला आधी सांगितलं तर तो वाट काढतो. नकाशा मंजूर झाल्यावर सांगितलं तर "आता उशीर झाला" हेच ऐकायला मिळतं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. निदान एका बाजूला तळघर आणि पोडियम न नेता मूळ जमीन तशीच सोडायची, आणि हे करारात लिहून घ्यायचं. तोंडी नको. "गार्डन" हा शब्द नको. "खाली बांधकाम नसलेली मातीची जमीन" असे शब्द हवेत.

आणि चौथी, जी झाडं जातील त्यांच्या बदल्यात त्याच आवारात, त्याच मातीत, आपली झाडं लावायची. बहावा, ताम्हण, करंज, कडुनिंब. ताड लावून फक्त वीस मजल्यांच्या इमारतीला टूथपिकं लावल्यासारखं दिसतं!

एवढं केलं तर काय होईल? सगळं वाचेल असा दावा मी करत नाही. पण निदान प्रश्न विचारला जाईल. आज झाड जातं ते कोणी त्याच्या विरुद्ध मत दिलं म्हणून नव्हे. त्याच्यावर मत घ्यावं हेच कोणाला सुचत नाही म्हणून जातं. शिक्षकाच्या जातीला हे बरोबर कळतं. वर्गात ज्या मुलाचं नाव हजेरीत नसतं, त्याची गैरहजेरीही लागत नाही.

आमची विशेष सर्वसाधारण सभा येत्या रविवारी संध्याकाळी आहे. सेक्रेटरींना मी विनंती करून विषयपत्रिकेत "आवारातील झाडे" हा एक विषय घालून घेतला आहे. बाराव्या क्रमांकावर आहे, म्हणजे तोपर्यंत निम्मे लोक उठून जातील, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही! म्हणून मी माझ्या परीने एक तोड काढली आहे. यंदाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू मी त्याच संध्याकाळी, सभेच्या आधी तासभर, आंब्याखाली ठेवलं आहे. पुरुषमंडळींनाही आमंत्रण आहे. आंबेडाळ त्याच झाडाच्या कैऱ्यांची, पन्हंही त्याच झाडाचं. खुर्च्याही तिथेच मांडणार आहोत. ज्यांना झाडाविरुद्ध मत द्यायचंय त्यांनी खुशाल द्यावं, पण त्याच्या सावलीत बसून, त्याच्या कैरीची डाळ खाऊन द्यावं, एवढीच माझी अट.

आणि नातेवाईक मंडळी, तुम्हाला एक काम. ज्यांच्या ज्यांच्या अल्बममध्ये आमच्या आवारातले जुने फोटो आहेत त्यांनी ते शनिवारपर्यंत पाठवा. मोबाइलवर फोटोचा फोटो काढून पाठवलात तरी चालेल. माणसं पुसट आली तरी हरकत नाही, मागचं झाड दिसलं पाहिजे. ते सगळे मी दोरीला लावून तिथेच टांगणार आहे. अमेरिकेतल्या भाचेकंपनीने विशेष लक्ष द्यावं, मुंजीतले सगळे फोटो तुमच्याकडे आहेत, विसरले नाहीये मी!

तुमच्या तुमच्या सोसायटीच्या तक्त्यात झाडांचा रकाना आहे का, तेही बघा आणि जरूर कळवा.